पाच इंची खिळा

त्या प्लंबरचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. दहाला येतो म्हणायचा आणि एकला उगवायचा. आल्यावर आधी चहा, मग मोबाइल, मग पाइपाचा एल्बो विसरला म्हणून परत दुकानात. काहीही विचारा, उत्तर एकच, "होऊन जाईल, भाऊ." तीन आठवडे मी दात-ओठ खात ते ऐकून घेतलं.

घाई आईसाठी होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती इंदिरानगरला थोरल्या भावाच्या फ्लॅटवर होती आणि तिथे तिचा जीव रमत नव्हता. जुन्या नाशकातल्या आमच्या घरात संडास-बाथरूम मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून. म्हणून तिच्या खोलीच्याच कोपऱ्यात बाथरूम काढायचं ठरलं. पण भिंती मातीच्या. पाइपासाठी खाच पाडायला गेलं की टोपलंभर माती खाली. शेवटी पाइप भिंतीवरूनच नेले आणि त्यांच्यापुढे जिप्सम बोर्डाची नवी भिंत उभी केली. आई रोज फोन करायची, "झालं का रे?" आणि मी रोज प्लंबरच्या नावाने बोटं मोडायचो.

शनिवारी एकदाचं झालं. नळ सोडून पाहिले, कुठे थेंब गळला नाही. रविवारी सकाळी आई येणार होती. संध्याकाळी तिचा फोन आला, "माझं कॅलेंडर पलंगासमोर लाव. इथे तिथी विचारली तर मोबाइल पुढे करतात." मी लगेच लावलं.

सकाळी खोलीत पाय ठेवला तर फरशीवर पाणी. बोर्ड खालून फुगलेला, पांढरा लगदा गळतोय. माझं डोकंच फिरलं. फोनवर त्याला कामचोर म्हणालो, फसवा म्हणालो, पुढे त्याच्या आई-बापापर्यंत गेलो. तो वीस मिनिटांत हजर. आज बरा वेळेवर आला, याचाही मला राग आला. त्याने कॅलेंडर उतरवलं, बोर्ड कापला आणि मला आत बघायला सांगितलं. खिळा पाइपात घुसला होता.

"भाऊ, एवढा मोठा खिळा कशाला ठोकला?"

कशाला म्हणजे? आमच्या घरात खिळा पाच इंचीच. त्याहून लहान मातीत धरतच नाही, दोन दिवसांत कॅलेंडरसकट खाली. वडील तसेच ठोकायचे, मीही तसाच ठोकला. समोर माती नाही, अर्ध्या इंचाचा बोर्ड आहे, हे हाताच्या लक्षातच आलं नाही. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली, पण ओरडलो त्याच्यावरच. "पाइप कुठून गेलाय ते सांगता येत नाही तुला?"

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आत आई, मांडीवर कपड्यांची पिशवी. शेजारी भाऊ वॉकर धरून. खोली ओली, पाणी बंद, तिला उतरवून करणार काय? मी बाहेर जाऊन सांगितलं, अजून आठवडा लागेल. तिचा चेहरा पडला. मग हातात पान्हा घेऊन माझ्यामागून आलेला प्लंबर तिला दिसला.

"मला माझ्या घरी येऊ देत नाहीस होय रे? तुला आई नाही का?"

तो मान खाली घालून उभा राहिला. एकदाच माझ्याकडे पाहिलं त्याने. 'चूक माझी आहे' एवढंच म्हणायचं होतं. रिक्षा गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ते माझ्या तोंडून निघालं नाही.