साखरमावशीचा निरोप

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे साखरमावशी म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. कुणाच्या शर्टाची कॉलर पिवळी पडली तरी ती म्हणायची, "कुठे काय, दिसतसुद्धा नाही." शेजारीण बेसूर गायली तरी मावशीच्या लेखी तिचा गळा गोड. कुणाचं मन दुखवणं मावशीच्या अगदी जिवावर यायचं. वाईट बातमी सांगायची वेळ आली की ती विषयच बदलायची. याला ती माया समजत होती, आणि सगळी मंडळीही तेच समजत होती.

एका रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळक म्हणाले, "आपण सगळे आपापल्या बाकावर ऐसपैस बसलोय, आणि प्रभू केव्हाच पुढे निघून गेलाय. जिथे जायची भीती वाटते, तिथे जा." मावशीला भीती इस्पितळाची. नवरा तिथेच वारला होता. त्या वासानेच ती फाटकातून मागे फिरायची. रुग्णांना भेटायला कोण जाईल, असं पाळकांनी विचारलं तेव्हा तिने हात वर केला, आणि तो खाली येईपर्यंत तिला पस्तावायची पाळी आली.

तिच्या वाट्याला आला एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर. आजार हाडांपर्यंत गेलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. इंजेक्शन दिलं की तो झोपायचा, एरवी उशीचा कोपरा दातात धरून पडायचा. मावशी कामावरून सरळ तिथे जाई, ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसून देई, हळू आवाजात प्रार्थना करी. वासाची भीती चेपली. आपण जिंकलो असं तिला वाटू लागलं, आणि इथेच सगळं बिनसलं.

"माझ्या मुलाला एकदा घेऊन या," म्हातारा म्हणाला. "पुलापलीकडे गॅरेज आहे त्याचं. मला फक्त माफी मागायचीय."

मावशी गॅरेजवर गेली, तेव्हा मुलगा गाडीखालून बाहेर आला. फडक्याला हात पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं. "आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा यांना निरोपावर निरोप धाडले. आले नाहीत. मी येणार नाही. तसंच सांगा त्यांना." आवाजसुद्धा चढवला नाही त्याने. वर मावशीला बसायला स्टूल दिलं, म्हणून तर तिला जास्त लागलं.

ती वॉर्डात परतली. म्हाताऱ्याने मान उचलून पाहिलं, आणि मावशीची जीभ जन्मभर जिकडे वळायची तिकडेच वळली. "येणार आहे हो. हातातलं काम उरकलं की येतोय."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने तिला दारातच अडवलं. "इंजेक्शन घेत नाहीयेत. मुलगा यायचा आणि मी झोपलेला असायचो, म्हणतात. कालपासून डोळ्याला डोळा नाही. त्यांचं कण्हणं ऐकवत नाही हो."

म्हातारा दार दिसेल अशा बेताने उशांना टेकून बसला होता. दाढी करून घेतलेली. घामाने डबडबलेला. मावशीला पाहून हसला. "आज येईल, नाही का?"

ती तशीच पुन्हा गॅरेजवर धावली. मुलगा म्हणाला, "खोटं तुम्ही बोललात, मावशी. मी का निस्तरू?" ती आल्या पावली परतली.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिने आधी मुलगा यावा म्हणून प्रार्थना केली. मग तिलाच ती पळवाट वाटली. तिने नुसता धीर मागितला, उठली, आत गेली आणि म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"तो येणार नाही. कालही नाहीच म्हणाला होता. मी खोटं बोलले."

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. मग त्याने हात सोडवून घेतला. "सिस्टरला बोलवा," म्हणाला. इंजेक्शन घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "तुम्ही आता येऊ नका, बाई."

ती येत राहिली, पण बाहेरच्या बाकापर्यंतच. म्हातारा गेला त्या संध्याकाळीही ती तिथेच होती.

पाळकांनी तिला मंडळीपुढे साक्ष द्यायला सांगितलं. भीतीवर मात केलेली बाई, चार जणांना हुरूप येईल, असा त्यांचा हिशेब. साखरमावशी उभी राहिली तसे लोक आधीच हसऱ्या चेहऱ्याने बसले.

"मी एका माणसाला खोटी आशा लावली आणि मग ती काढून घेतली," ती म्हणाली. "देवाकडे धीर मागितला, तो मिळाला. त्या माणसाला काय मिळालं, मला माहीत नाही." आणि ती खाली बसली. आमेन म्हणायचं की नाही, हे कुणालाच सुचेना.

उपासना सुटल्यावर शेजारणीने तिला दारात गाठलं, पाठीवरून हात फिरवला. "मनाला लावून नका घेऊ हो. शेवटी त्याने तुम्हाला माफ केलंच असेल."

बोलण्याची ही गोड तऱ्हा थेट मावशीचीच होती. तिने शेजारणीकडे पाहिलं.

"नाही केलं," ती म्हणाली, आणि चप्पल पायात सरकवून घरी निघाली.