लिफ्टमध्ये तीन दिवस राहिलेला फोटो

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी एक फोटो चिकटवलेला असतो. तो लिफ्टमन चिकटवतात. त्यांना सगळे मामा म्हणतात. वय बासष्ट, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. लिफ्ट जुनी आहे, सरकत्या जाळीच्या दाराची, आणि मामांशिवाय कुणी चालवली की ती दोन मजल्यांच्या मधेच थांबते. म्हणूनच आपली नोकरी टिकली, असं मामा स्वतः सांगतात.

पूर्वी ते एका छापखान्यात कागद कापायच्या मशिनवर होते. छापखाना बंद पडला आणि ते लिफ्टमधल्या स्टुलावर येऊन बसले. कापायची सवय मात्र सुटली नाही. पेपर आला की ते एक फोटो कापून घेतात आणि फोटोखालची ओळ काढून टाकतात. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खालची ओळ वाचली की लोक वर बघायचं सोडतात." रविवारी पेपरातला फोटो नसतो, कुणाच्या तरी घरातला असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी एकदा करपलेल्या पातेल्याचा दिला होता. पाचव्यावरच्या डेंटिस्टनी आपल्या सासऱ्यांचा दिला, तोंड उघडं टाकून झोपलेल्या अवस्थेतला. सासरे चार दिवस जिन्यानं गेले.

नियम एकच. फोटोत काय दिसतं ते आपला मजला येईपर्यंत बोलायचं, दार उघडलं की चर्चा संपली. सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली की लिफ्ट म्हणजे नोटीसबोर्ड नव्हे. मामा म्हणाले, "साहेब, नोटीस असती तर कुणी बघितलीच नसती." सेक्रेटरी दर महिन्याला स्वतःच्या सहीची नोटीस तळमजल्यावर लावतात. त्यांनी विषय वाढवला नाही.

आता माझ्याबद्दल. मी आठ वर्षांपासून इथं सहाव्या मजल्यावर राहतो आणि विमा कंपनीत दावे तपासतो. चोवीस वर्षं माझ्या टेबलावर चेपलेल्या गाड्यांचे आणि जळालेल्या गोदामांचे फोटो येताहेत, आणि त्यात कोण खोटं बोलतंय हे शोधण्याचा मला पगार मिळतो. शिवाय सहावा मजला म्हणजे बोलायला वेळ भरपूर. लिफ्टमध्ये सहसा कुणी माझ्या तोंडी लागत नसे.

त्या मंगळवारी संध्याकाळी पुराचा फोटो होता. शाळेचा वर्ग, भिंतीला सारलेली बाकं, आणि एक दाढीवाला म्हातारा कुणाच्या तरी हातातून ब्लँकेट घेतोय. म्हातारा एका बाजूनं दिसत होता.

"बिचारा," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "कसा गारठलाय."

"बिचारा कसला?" मी म्हणालो. "त्याचे बूट बघा. कोरडे ठणठणीत, नवेकोरे. हा पाण्यातून आलेलाच नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर रांगेत घुसलाय."

बाईंनी बूट बघितले. डेंटिस्टनीही बघितले आणि म्हणाले, "मानलं तुम्हाला." दुसऱ्या मजल्यावर बाई उतरल्या, त्या म्हाताऱ्याकडे जरा कमी दयेनं बघत. मामांनी जाळी ओढून घेतली. माझी छाती दोन इंच फुगली होती, ती सहाव्या मजल्यापर्यंत टिकली.

बुधवारी तोच फोटो. असं कधी झालं नव्हतं. "मामा, आज पेपर आला नाही?"

"आला की."

गुरुवारी पुन्हा तोच. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो आणि माझं डोकं ऑफिसातूनच तापलेलं होतं. "हा भामटा अजून किती दिवस बघायचा?" मी विचारलं.

मामांनी चौथ्या मजल्याच्या अलीकडे लिफ्ट थांबवली. "साहेब, मी इथं कोपऱ्यात बसतो. तुम्ही सगळे दाराकडे तोंड करून उभे राहता. बारा वर्षं झाली, मला माणसांचे कानच दिसतात. कान बघून मी मजला सांगतो." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "वरच्या कडेला खाच, पाळी गालाला चिकटलेली. असा कान या इमारतीत एकच आहे. सहाव्या मजल्यावर."

ती खाच आमच्या घरात तिघांना. वडिलांना, मला आणि दादाला.

मी पुन्हा चेहरा बघितला. मनातल्या मनात दाढी काढली, पंधरा किलो वजन चढवलं, केस काळे केले. दादाच होता. 

"मंगळवारीच सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो," मामा म्हणाले. "पण तुम्ही बुटांवर आलात. मग बाईंसमोर कसं सांगू?"

दादाशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो. भांडण वडिलांच्या फोटोवरून झालं. त्यांचा एकच चांगला फोटो होता आणि ते गेल्यावर तो कुणाच्या घरी राहायचा यावरून आम्ही दोघं हमरीतुमरीवर आलो. फोटोची कॉपी निघते, हे दोघांनाही माहीत होतं. मी तो उचलून घेऊन आलो. दादा म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आयुष्यात मी त्याचं तेवढं एकच ऐकलं. फोटो भिंतीवर लावायचा धीर मला झाला नाही, तो कपाटात उशीच्या अभ्र्यात आहे. आणि पुराच्या बातमीत दादाच्या वस्तीचं नाव मी वाचलं होतं. त्याचं घर उंचावर आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते उंचावर नाही.

मामांनी खिशातून कागदाची पट्टी काढून दिली. फोटोखालची ओळ. शाळेचं नाव आणि पुढं, 'निवाऱ्यात ब्लँकेट घेताना एक वृद्ध'. दादा एकसष्ट वर्षांचा आहे. पेपरवाल्यांनी त्याला वृद्ध म्हटल्याचा मला राग आला. मी भामटा म्हटलेलं मामांनी ऐकलं होतं, त्यामुळे तो राग मी तसाच घरी नेला.

दादाचा नंबर मी फोनमधून पुसून टाकला होता. पाठ होता, त्याला इलाज नव्हता.

"कोण?"

"मी."

मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. "बोल," दादा म्हणाला.

"पेपरात तुझा फोटो आलाय."

"हो का? इथं पेपर येत नाही. कसा आलाय?"

"बरा आलाय." इथं गप्प बसायला हवं होतं, पण चोवीस वर्षांची सवय. "बूट नवे दिसतात."

"इथं वाटले. माझे पाण्यात गेले. हे एक नंबर लहान आहेत, पण चालतंय."

मला रडू आलं. त्याला कळू नये म्हणून मी फोन लांब धरला, मग घाईघाईनं पुन्हा कानाला लावला, तो ठेवून देईल म्हणून. "दादा, वहिनीला घेऊन इकडे ये," मी म्हणालो. "आजच ये. मी गाडी पाठवतो."

दादानं मागच्या पोरांना दटावलं. मग म्हणाला, "कितव्या मजल्यावर राहतोस तू?"

"सहाव्या."

"मग नाही जमायचं रे. हिचे गुडघे पार गेलेत, चार वर्षं झाली. लिफ्ट आहे का तुमच्याकडे?"