चंद्राची गोळी

तिरुपूरच्या बनियन कारखान्यात आल्यापासून मला तापाचीच धास्ती. शाळा सातवीत सुटलेली, इथली तमिळ भाषा येत नाही. औषध चुकलं तर? आज अंग फणफणलं तशी औषध आणायला गेले. औषधांच्या दुकानातल्या अक्कांनी माझं तोंड पाहिलं आणि गोळ्यांच्या पाकिटांवर चक्क चित्रं काढली! एकावर सूर्य, एकावर चंद्र, दोन्हींखाली भाताचं ताट. म्हणजे जेवूनच घ्यायची! सूर्य-चंद्र काय, सगळ्या गावांत सारखेच की. माणसाला समजावायचंच असलं, तर किती सोपं असतं!

रात्री जेवण उरकलं, गोळी घेतली. जरा वेळाने आईचा फोन. "औषध घेतलंस का गं?"

"घेतलं ना, चंद्राचं!"

"अगं बाई, तापात बरळायला लागलीस?"

मला हसू आवरेना, आणि कपाळावर घाम फुटून ताप उतरत होता.