उलट्या तारांची गिटार

कूलरच्या जाळीतलं गवत बदलताना पंखा बंद करावा, एवढी अक्कल नागपुरात सगळ्यांना असते. मे महिन्यात ती कुठे जाते कोण जाणे! आमच्या ह्यांची डाव्या हाताची दोन बोटं त्या पंख्यात गेली. टाके पडले, बोटं वाचली, पण वळेनात. लग्नाआधीपासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा माणूस, आणि तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार विकून टाकली. "संपलं ते," एवढंच म्हणाले. कुणी विषय काढला की उठून बाहेर जायचे. माणसं दुसऱ्यावर रुसतात, हे स्वतःच्याच हातावर रुसले होते. मला भारी राग यायचा, आणि जीवही तुटायचा.

मी म्हणायचे, अहो, उजवा हात धडधाकट आहे ना? डावखुरे लोक उजव्याने तारा दाबतात आणि डाव्याने छेडतात, तसं करा की! पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मग मीच प्रताप नगरातल्या एका मुलीकडून तिची वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि ती डावखुरी करायला बसले. मी ब्लाउज शिवते, मशीन स्वतः उघडते. मला स्क्रूचं काय भ्या? तारा उलट्या क्रमाने लावल्या. गिटारच्या मानेच्या टोकाला त्या ज्या खाचांत बसतात, ती पट्टी काढून नवी पट्टी कानशीने घासून बसवली. आतून घूं घूं आवाज यायचा, म्हणून पोळ्या गुंडाळायचा फॉइल आत चिकटवला. आवाज खरंच गेला!

"काहून आणलं वं हे भंगार?" ह्यांनी विचारलं.

"माझी हौस," मी म्हटलं.

हातसुद्धा लावला नाही. गिटार कपाटाला टेकून धूळ खात राहिली.

खंडेनवमीला सासूबाईंनी पूजेसाठी घरातली हत्यारं मांडली. माझी कात्री, विळी, स्क्रू फिरवायचा पेचकस, आणि शेवटी पाटावर गिटार. आमच्याकडे ज्याची वस्तू त्यानेच पुसायची असते.

"हे कोनाचं आहे?" सासूबाई म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळल्या. "माहं तर नाही. पुस गा तू."

आईपुढे ह्यांचं काय चालणार! शेजाऱ्यांची भांडी घासावी तशी त्यांनी ती पुसली. मग सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं. चिमूटभर नाही, चांगलं मूठभर, तेही प्रेमाने थेट आवाजाच्या बटणांवर. वरून पाणी शिंपडलं.

दसऱ्याच्या सकाळी मी गिटार स्पीकरला जोडली आणि बटण फिरवलं. खर्र, खर्र! कुंकू आत गेलं होतं.

"बंद कर वं ते, कान किटले!" आतून हे ओरडले.

मी पुन्हा फिरवलं. आता मुद्दाम.

तरातरा बाहेर आले आणि माझ्या हातून गिटार हिसकली. बटणं उपसली, फुंकर मारली, जुन्या टूथब्रशने कुंकू झाडलं. सुधारलं का बघायला तार छेडावीच लागणार होती. गिटार उलटीच, म्हणून डाव्या हाताने छेडली. आवाज अगदी स्वच्छ आला.

त्यांनी गिटार मांडीवर नीट घेतली. मग उजवा हात हळूच तारांवर ठेवला. एक बोट इकडे पडलं, एक तिकडे, आणि असा काही भेसूर सूर निघाला की सासूबाई आपट्याची पानं हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता हे गिटार खाली ठेवतील आणि पुन्हा म्हणतील, संपलं.

उजव्या हाताकडे बघत ते म्हणाले, "याले तर काहीच येत नाही वं. पहिल्यापासून शिकवावं लागन."

आणि एकेक बोट उचलून जागेवर ठेवू लागले. मी दाराशी उभी राहून ढसाढसा रडले. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.