कर्णिककाकांचं ‘वाक’

कर्णिककाका आधी पडायला शिकवायचे. "पडता आलं की भीती गेली. पड आता!" पहिल्याच भेटीत इंग्रजीतून एवढंच सांगून त्यांनी मला आडवी केली. लंडनबाहेर वॉटफर्डजवळचा तो स्कीचा उतार म्हणजे अंथरलेले ओले प्लॅस्टिकचे ब्रश. बर्फ नावालाही नाही. या देशात मी नवी, एकटी; रविवार खायला उठायचा, म्हणून गेले होते. पडताना माझ्या तोंडून "आई गं!" निघालं आणि काकांचा चेहरा उजळला. "अगं, मराठी का तू? मग आता नीट रागावता येईल."

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर माणसं झोपवली, आता उभी करतोय," म्हणायचे. सुधाकाकू गेल्यापासून घरात हाक मारायला कुणी नव्हतं. उतारावर ते नुसते मदतनीस होते. शिक्षकाचं सर्टिफिकेट मिळालं, तरच स्वतःचा क्लास मिळणार होता. "क्लास असला की कुणीतरी आपली वाट बघतं गं," ते एकदा म्हणाले.

परीक्षेत नवशिक्यांना शिकवून दाखवायचं होतं. मी बघायला गेले होते. काकांचं छान चाललं होतं: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग आपोआप कमी. एवढ्यात एक गोरे आजोबा गुडघे ताठ ठेवून सुसाट निघाले. काका घाबरून ओरडले, "वाक! वाक!" आजोबांना ऐकू आलं 'वॉक'. आज्ञाधारक माणूस! घसरता घसरता ते चालायला लागले आणि परीक्षकांना घेऊनच पडले.

काका नापास झाले.

"अहो काका, बेंड म्हणायचं ना!" मी चिडले.

"सुधाचे गुडघे आखडायचे. फिजिओचे एक्सरसाइज मीच करून घ्यायचो. 'वाक गं, वाक जरा.' तोंडात बसलंय ते. आता घरी कुणाला म्हणू?"

पुढच्या परीक्षेला त्यांनी आधीच सांगून टाकलं, "व्हेन आय से वाक, बेंड युअर नीज. डोन्ट वॉक!" परीक्षक हसले. काका पास झाले, आणि रविवारचा क्लास शेवटपर्यंत त्यांचाच राहिला.

या हिवाळ्यात काका गेले. त्यांचा क्लास आता त्यांचीच विद्यार्थिनी एमा घेते. परवा मी रांगेत उभी राहिले. कुणीतरी ताठ घसरू लागलं तशी एमा ओरडली, "वाक!"

सगळ्यांचे गुडघे वाकले. त्या रांगेत मराठी कळणारी मी एकटीच होते. मीही वाकले. सरळ व्हायला मात्र मला जरा वेळ लागला.