गोळीतली उमेद

"हुईल की. पळून चाललंय का काय?" असं म्हणून समोरचा कागद दोन बोटांनी अलगद पलीकडे सरकवायचा, ही माझ्या एका सहकाऱ्याची कामाची पद्धत. भोरच्या एका सरकारी कचेरीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे ही पद्धत मला जवळून अभ्यासता आली. कामचुकार तुम्हीही पाहिले असतील. पण ते बिचारे निदान धावपळीचं सोंग तरी करतात. आमच्या गृहस्थांना असला खोटेपणा जमत नसे. ते सगळ्यांच्या देखत, पंख्याखाली बसून, प्रसन्न चेहऱ्याने काम करायचे नाहीत.

पासली गावचा एक म्हातारा एकदा भडकला. "सायेब, माजं भात लावून झालं, कापून झालं, तुमची सही काय हुईना!" हे स्वतः पासलीचेच. शांतपणे म्हणाले, "मग औंदा भात कसं झालं, ते तरी सांगा." म्हातारा टेकला, भाताचं सगळं सांगितलं, चहा प्याला आणि सहीशिवाय पण खुशीत घरी गेला.

आम्ही राहायलाही एकाच गल्लीत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या दिनक्रमात काडीचाही फरक पडला नाही. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला, पाऊल अडखळू लागलं. बसून बसून झालंय, असं निदान गल्लीने एकमताने केलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मात्र त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं आणि सोबतीला मला घेतलं.

डॉक्टरांनी समजावलं, "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. ते कमी पडलं की हातपाय ऐकत नाहीत. आणि नुसत्या हातापायांचं नाही हे. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, तिच्यात लक्ष लागणं, यालाही ते लागतं."

"यांना ते नोकरीला लागल्यापासूनच कमी असेल का?" मी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. वहिनी हसल्या.

दोन तऱ्हेच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत हात स्थिरावला. आणि एका सकाळी या माणसाने आपणहून, कुणी न सांगता, घरातला मिक्सर उघडला.

मिक्सरनंतर पंखा, पंख्यानंतर इस्त्री, मग शेजारच्यांचं भिंतीवरचं घड्याळ. गल्लीने सुरुवातीला हौसेने वस्तू आणून दिल्या. उघडायचा वेग थक्क करणारा होता. जोडायचं काम मात्र कचेरीच्याच वेगाने चाले. वहिनी चटणी पाट्यावर वाटायला लागल्या. जेवायला हाका मारल्या तरी हे मान वर करत नसत. मला म्हणायचे, "अवो, ह्या स्क्रूखाली काय आसंल ह्या इचारानं जीव नुसता वरखाली हुतो बगा." डोळे इतके चमकत होते की मला त्यांचा हेवा वाटला.

आमची गल्ली सत्काराला माणूस शोधतच असते. तिने यांना आदर्श ज्येष्ठ नागरिक ठरवलं. शाल आली, नारळ आला, प्रमुख पाहुणेही मिळाले. पाहुण्यांनी तरुणांना सुनावलं, "मोबाईल बाजूला ठेवा आणि यांच्याकडे बघा! इच्छाशक्ती असली की माणूस आजारालाही नमवतो." ती इच्छाशक्ती वहिनींनी सकाळीच नाश्त्यानंतर पाण्याबरोबर दिली होती. सत्कारमूर्ती लाऊडस्पीकरच्या मागे काहीतरी न्याहाळत होते. आभाराचं भाषण सुरू झालं आणि आवाज बंद पडला. त्यांनी गल्लीची केलेली ही सर्वांत मोठी सेवा.

मग एक दिवस त्यांनी पाण्याची मोटार उघडली. बटण बंद करायचं राहिलं. विजेच्या झटक्याने भिंतीवर जाऊन आदळले, पण वाचले.

पुढच्या भेटीत वहिनींनी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. दोनांतल्या एका गोळीने काही जणांना असं वेड लागतं, असं डॉक्टर म्हणाले. ती हळूहळू कमी करायची, दुसरी चालू ठेवायची, असं ठरलं. यांनी एकदम हात जोडले.

"डॉक्टर, हात थरथरला तर थरथरू द्या. पन ही गोळी ऱ्हाऊ द्या. जल्माला आल्यापास्नं पयल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटतंय."

"मला मानूस जित्ता पायजे," वहिनी म्हणाल्या.

"जित्ता तर आत्ताच झालोय की गं."

मला एरवी अशा वेळी काहीतरी टोचून बोलायला सुचतं. त्या दिवशी मी वहिनींची पिशवी उचलली आणि दार उघडलं.

गोळी कमी झाली. मिक्सर दुकानदाराने जोडून दिला. हे ओट्यावरच्या खुर्चीत बसू लागले. पूर्वीही बसायचेच, पण पूर्वी त्या बसण्यात मजा होती, रस्त्यावरच्या प्रत्येकाची चौकशी होती. आता समोरून हत्ती गेला असता तरी त्यांनी विचारलं नसतं. मी मुद्दाम म्हणायचो, "आमचा पंखा लई आवाज करतोय हो." ते म्हणायचे, "करत आसंल."

एकदा चहा गार होत होता म्हणून मी कप हातात दिला. कपाकडे बघत म्हणाले, "चा आला की कळतं, आता प्यायचा. पन प्यावासा वाटत न्हाई. त्ये वाटनंच गेलं." तक्रारीचा सूर नव्हता. तक्रार करायलाही थोडी ओढ लागते. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

गेल्या हिवाळ्यात झोपेतच ते गेले. गल्लीने शोकसभा घेतली. प्रमुख पाहुणे तेच होते. या वेळी ते गहिवरून म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांनी मनावर विजय मिळवला होता. कसलाही मोह उरला नव्हता. असं समाधान तपश्चर्येने लाभतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गल्लीच्या माना डोलायला तयारच असतात.

बायकांच्या बाजूला बसलेल्या वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"मोह व्हता," त्या म्हणाल्या. "लई व्हता. ह्यांनी जगावं म्हून म्याच काढाय लावला."