द्वारकाबाईंची अट

पिंपळीच्या द्वारकाबाईंचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्यावर त्यांची तब्येत उत्तम होती. बारामतीच्या बाजारात वांगी विकताना त्या स्वतःच्याच तागडीकडे संशयानं बघत. कोंबडी ओरडली, तरी अंडं हाताला लागेपर्यंत तिचं म्हणणं खरं धरत नसत. एसटीवर बारामतीची पाटी असली तरी ड्रायव्हरला दटावून विचारत, "पाटी ऱ्हाऊ दे, गाडी कुठं चाललीय ते सांग."

नवरा गेल्यावर दोन एकर बागायत आणि एक मुलगी त्यांनी या संशयाच्याच जोरावर सांभाळली होती. मुलगी सिंधू, बारा वर्षांची. बारामतीला सातवीत चालत जाणारी गावातली एकुलती एक पोर. तिचा चुलता दत्तोबा तिला घरी बसवायला टपलेलाच होता. त्याला फक्त कारण हवं होतं.

सत्तावन्न साली ते मिळालं. गावातले बडे बागायतदार आबासाहेब, त्यांनी मळ्यात मानसिंग नावाचा गडी आणला. इंदापूरकडच्या एका गावात त्यानं उसाच्या फडात एका मुलीवर जबरदस्ती केली होती आणि सात वर्षं सक्तमजुरी भोगून तो नुकताच सुटला होता. सुटलेल्या कैद्यांना कामाला लावणारी पुण्यात एक संस्था होती. तिचे साहेब आले, आबासाहेबांकडे चहा झाला आणि ठरलं. आबासाहेबांचं मन मोठं होतं. मळा त्याहून मोठा होता आणि गडी मिळत नव्हते. बायकांना कुणी विचारलं नाही. शाळेची पायवाट मात्र आबासाहेबांच्या उसाला घासून, कालव्याच्या कडेनं जात होती.

"आता शाळा बंद," दत्तोबा म्हणाला.

द्वारकाबाई खुरपं घेऊन थेट आबासाहेबांच्या ओट्यावर गेल्या. साहेब अजून तिथंच होते.

"वैनी, शिक्षा भोगून आलाय त्यो," आबासाहेब म्हणाले. "मानसाला एक संधी नको का?"

"द्या की. पर मळ्यात कशापायी? घरात ठेवा. तुमच्या दोन सुना हायेत की हितं."

आबासाहेबांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"बरं, ऱ्हाऊ द्या त्याला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर माजी एक अट हाय. म्हशीची घंटा बांधायची त्याला. उसात शिरल्यालं जनावर दिसत न्हाय, पर ऐकू येतं."

"अहो बाई, तो माणूस आहे!" साहेब उभेच राहिले.

"म्हनून तर गळ्यात न्हाय, कमरंला म्हनते."

साहेबांनी माणुसकीवर पाच मिनिटं छान भाषण केलं. ते संपायच्या आतच मानसिंगनं खाली मान घालून घंटा कमरेला बांधली होती.

गाव हसलं. पण सिंधूची शाळा चालू राहिली. शेजारच्या वांग्यांत खुरपताना द्वारकाबाईंचा एक कान कायम मळ्यात असे. आता वाकला, आता पाणी प्यायला, आता बांध चढला, सारं त्यांना बसल्या जागी कळे. इतकं की देवळात आरतीला घंटा झाली तरी त्या दचकून म्हणत, "आँ? हा देवळात कशाला गेला?"

दीड महिना असा गेला. एका दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, त्यांचं खुरपं थांबलं. घंटा वाजत होती, पण बारीक, एका जागी, सावकाश. मधूनच एकदम खणखणाट, की पुन्हा तेच. द्वारकाबाईंनी जन्मभर गुरं राखली होती. माशी बसली म्हणून माणूस एवढा हलत नाही.

त्या पळाल्या. बाभळीखाली आबासाहेबांचा बैल रवंथ करत बसला होता. घंटा त्याच्या गळ्यात होती.

तिथून कालव्यापर्यंत त्या कशा गेल्या, त्यांनाही आठवलं नाही. पायवाटेच्या वळणावर, उसाआड, मानसिंग उकिडवा बसला होता. आणि लांबून दप्तर हलवत सिंधू येत होती.

"हितं काय करतोस रं?"

"काय न्हाय बाई. घंटंचा कट्टाळा आला. जरा गप बसावं वाटलं."

"मग काढून बांधावर ठेवायची. बैलाला का बांधलीस?"

सिंधू दोघांच्या शेजारून, आईच्या हातातल्या खुरप्याकडे बघत, घरी गेली.

पुण्याला निरोप गेल्यावर चौथ्या दिवशी साहेब आले. आबासाहेब गड्याच्या बाजूनं होते. "बसला हुता नुसता, सायेब. केलं तर काईच न्हाय."

"न्हाय केलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "घंटा नुसती काढून ठेवली असती, तर लाज वाटली म्हटलं असतं. पर मी ऐकतीय हे त्याला ठावं हुतं, म्हनून वाजत ठेवली. ती कुनासाठी, तेवडं मला सांगा. मग ऱ्हाऊ द्या त्याला."

साहेबांनी मानसिंगकडे पाहिलं. मानसिंगनं जमिनीकडे. मग साहेबांनीच त्याला वळकटी बांधायला सांगितली.

फाट्यावर एसटी आली. गावाला हायसं वाटलं, दत्तोबाला वाईट वाटलं. मानसिंग आत चढला. साहेब पायरीवर पाय ठेवणार, तोच द्वारकाबाईंनी त्यांची पिशवी धरली.

"आता कुठं नेता?"

"पुण्याकडं एका फळबागेत. मालक भले आहेत. त्यांना सगळं सांगितलंय."

"मालकाचं न्हाय इचारलं मी. तितल्या बायास्नी ठावं हाय का?"

साहेब चष्मा पुसू लागले.

"बागंतनं कुनाची पोर शाळंला जाती का, बघितलंय का?"

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढायला हात वर केला. द्वारकाबाई मागं वळून ओरडल्या, "सिंधे, भाकरी दुरडीत हाय! मी उद्या येते!" आणि साहेबांना बाजूला सारून गाडीत चढल्या.